एकदाच सांगा

आमच्या समोरच्या साहेबांची सवयच होती, उजव्या हाताचा पंजा समोर धरायचा आणि म्हणायचं, "थांबा. एकदाच सांगा, काय काय लागणार आहे?" वायरमन आला तरी हेच आणि दातांचा डॉक्टर असला तरी हेच. दातांच्या डॉक्टरला तर त्यांनी तोंडात आरसाच घालू दिला नव्हता म्हणे. आधी किती वेळा यावं लागेल ते त्याच्याकडून वदवून घेतलं आणि मग आ केला. अशी माणसं तुमच्याही आळीत असतील. आपण त्यांना चक्रम म्हणतो, आणि काम अडलं की त्यांच्याच दारात जाऊन उभे राहतो.

आता ते पुण्यात नाहीत. बहिणीकडे राहायला गेलेत, भंडाऱ्याकडे. समोरच्या गॅलरीत हल्ली कुणा आयटीतल्या पोरांचे टॉवेल वाळत असतात.

मी शनिवार पेठेत घरीच पुस्तकांची आणि प्रबंधांची पानं जुळवून द्यायचं काम करते. त्यातही गणिताची. गणिताची पानं साध्या टायपिंगमध्ये नीट बसत नाहीत, त्यासाठी वेगळी प्रणाली असते. फुकट मिळते, पानं देखणी देते आणि माणसाचा जीव खाते. ही प्रणाली एकसंध नसते हो! हजारो बारीक बारीक पॅकेजेस असतात, एक तक्त्यांसाठी, एक आकृत्यांसाठी, एक मराठी अक्षरांसाठी. माझा लॅपटॉप बेताचा, त्यामुळे मी लागेल तेवढंच उतरवून घेते. म्हणजे काय व्हायचं, तर काम सुरू केलं की यंत्र थांबायचं: अमुक फाइल सापडली नाही. ती आणावी, पुन्हा सुरू करावं, की थांबलं: तमुक सापडली नाही. मी स्क्रीनला काय काय बोलले असेन ते इथे लिहिण्यासारखं नाही.

साहेब समोरच्या इमारतीत राहायचे. सबंध नोकरी पुण्यात एका सरकारी कचेरीच्या काउंटरमागे काढलेली. मी चिडवायला म्हणून साहेब म्हणायला लागले आणि पुढे तेच राहिलं. बायको गेल्यावर त्यांनी धाकट्या बहिणीच्या मुलीला, प्रज्ञाला, शिकायला पुण्यात आणलं. ती इथल्या एका संस्थेत गणितात पीएचडी करत होती. प्रबंध होत आला तेव्हा शेवटचा हात फिरवायला आणि मराठी सारांश बसवायला ती माझ्याकडे आली. बरोबर मामा आलेच, इस्त्रीचा शर्ट घालून, जणू मुलगी दाखवायला आणलीय.

खुर्चीत बसून ते माझी यंत्राशी चाललेली झटापट बघत होते. पहिली फाइल सापडली नाही, तेव्हा गप्प बसले. दुसरी सापडली नाही, तेव्हा चुळबुळले. तिसऱ्या वेळी उभेच राहिले आणि पंजा थेट लॅपटॉपसमोर धरला.

"थांबा. याला एकदाच सांगता येत नाही का, काय काय लागतं ते?"

"साहेब, ते यंत्र आहे, सरकारी माणूस नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच विचारतोय," ते म्हणाले. "सरकारी माणसाला निदान कारण असतं. चहाची वेळ झालेली असते."

त्यांच्या या हट्टामागचं कारण त्या दिवशी चहा पिताना कळलं. प्रज्ञा स्वयंपाकघरात कप विसळत होती, म्हणून आवाज खाली आणून बोलले. "हिच्या आईला डी.एड.ला प्रवेश मिळाला होता, ताई. गावाकडच्या कचेरीत दाखल्याला गेली. एक कागद कमी आहे म्हणाले. तो नेला, तर दुसरा कमी. तो नेला, तर सही करणारे रजेवर. होता होता प्रवेशाची मुदत गेली. मी तेव्हा इकडे नवाच लागलो होतो. तिला तिकडं परत पाठवून राहिले होते, अन् मी इकडं दुसऱ्यांचे कागद पाहून राहिलो होतो." त्यांची बोली एरवी माझ्याइतकीच पुणेरी झालेली होती. बहिणीचा विषय निघाला की मात्र ती गावाला जायची.

बहिणीचं शिक्षण तिथेच थांबलं. आणि यांनी त्यानंतर आपल्या काउंटरवरून एकाही माणसाला अर्धवट माहिती देऊन परत पाठवलं नाही. आलेल्याला समोर उभं करून सगळं एका दमात सांगायचे आणि त्याच्याकडून म्हणवून घ्यायचे. कचेरीबाहेरचा चहावाला त्यांच्यावर भयंकर खार खाऊन होता. त्याचं म्हणणं, लोकांनी चार चार हेलपाटे घातले तर चार चार कप चहा खपतो. या गृहस्थामुळे धंदा बसला.

तर साहेबांनी माझ्या यंत्राचं मनावर घेतलं. प्रज्ञाला बसवलं आणि एक छोटा प्रोग्रॅम करायला लावला. चित्रंबित्रं काही नाहीत, काळी खिडकी उघडायची आणि एक ओळ लिहायची. मग तो आपला मजकूर आधी सगळा वाचून घेणार, कोणकोणती पॅकेजेस लागतात, त्या पॅकेजेसना आणखी कोणती लागतात, ते शोधणार, सगळं एकदम सांगणार आणि आपण हो म्हटलं की एका खेपेत घेऊन येणार. लिहिला तिने. पण वागायचं कसं ते ठरवलं यांनी.

आज्ञेचा शब्द काय ठेवायचा यावरून मामा-भाचीचं माझ्याच घरात वाजलं. प्रज्ञा म्हणाली, "आण."

"आणा," साहेब म्हणाले.

"मामा, कमांड आहे ती! मशीनला कुणी अहो-जाहो करतं का?"

"काम आपलं आहे ना? मग जरा मानाने सांगावं."

झालं, 'आणा' ठरलं. आणा, पुढे फाइलचं नाव, की एंटर. मी पोट धरून हसले होते. पण खरं सांगते, पुढे पुढे माझंही त्या लॅपटॉपवर खेकसणं कमी झालं.

खरी गंमत होती ती संदेशांची. "नंतर पुन्हा प्रयत्न करा" असं वाक्य प्रज्ञाने कुठेतरी घातलं होतं. साहेबांनी ते काढायला लावलं. म्हणाले, "हे म्हणजे 'उद्या या'. मी नोकरीत कुणाला म्हटलं नाही, आता घरात बसून म्हणू?" त्याऐवजी त्यांनी स्वतः सांगून लिहून घेतलं: 'चूक तुमची नाही. नेट गेलं आहे. आलं की उरलेलं मी आपोआप आणीन.' प्रज्ञा म्हणाली, चूक तुमची नाही हे सांगायची काय गरज? ते म्हणाले, "तुला नाही कळायचं. परत पाठवलेल्या माणसाला आधी तेच वाटतं."

मी माझ्या व्यवसायातल्या चार जणांना तो प्रोग्रॅम दिला, त्यांनी आणखी चार जणांना दिला. साहेबांना फोन यायला लागले. तेही मोठ्या गंभीरपणे, "हो, आधी सांगा, खिडकीत काय लिहून आलंय? सगळं वाचा," असं सुरू करायचे. मंडईत भाजी घेताना एकदा मीच त्यांना तसं बोलताना ऐकलं. एका हातात पिशवी, दुसऱ्यात फोन, आणि समोरची भाजीवाली खोळंबलेली. ती म्हणाली, "काका, आधी माझं एकदाच सांगा, मेथी घ्यायची का नाय?" साहेब इतके ओशाळले की दोन जुड्या जास्त घेतल्या आणि एक मला देऊन टाकली.

आता खरं सांगायचं ते पुढे आहे. प्रज्ञाचा प्रबंध द्यायची मुदत गुरुवारी संपत होती. एकदा वाढ मागून झाली होती, दुसरी मिळणार नव्हती. गुरुवार चुकला की नोंदणी रद्द, इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. साहेब त्या आठवड्यात नीट जेवत नव्हते. बहीण रोज संध्याकाळी फोन करायची आणि दोघंही त्या विषयावर चकार शब्द काढायची नाहीत, पाऊसपाण्याचं बोलायची.

बुधवारी दुपारी आम्ही तिघं माझ्याकडे बसलो. संस्थेच्या नमुन्याप्रमाणे मुखपृष्ठ आणि शेवटची सूची तेवढी बसवायची होती, त्यासाठी थोडी नवीन पॅकेजेस लागणार होती. साहेब म्हणाले, "मी लिहितो." एका बोटाने 'आणा' टाइप केलं, फाइलचं नाव टाइप केलं, एंटर दाबलं आणि हात मांडीवर ठेवून बसले.

खिडकीत मराठी आलंच नाही. भराभरा इंग्रजी ओळी आल्या, लाल, आणि सगळं थांबलं.

झालं होतं असं. या प्रणालीची दर वर्षी नवी आवृत्ती निघते. ती निघाली की मुख्य कोठार, म्हणजे जिथून ही पॅकेजेस येतात ते, जुन्या आवृत्तीवाल्यांना माल द्यायचं बंद करतं. आणि नवी आवृत्ती नेमकी त्याच आठवड्यात निघाली होती. हा प्रसंग साहेबांच्या ध्यानातच आला नव्हता, त्यामुळे त्यासाठी एकही शब्द लिहिलेला नव्हता.

"नवी आवृत्ती उतरवून घेऊ या ना," मी म्हटलं.

"नको, काकू," प्रज्ञा म्हणाली. "त्यात सगळी पानं हलली तर आज परत लावता येणार नाहीत."

साहेबांनी चष्मा काढला, उठले आणि गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहिले. मी मागे गेले. कठडा घट्ट धरला होता त्यांनी. "मीच परत पाठवलं तिला," ते म्हणाले. "आईले त्यांनी पाठवलं, अन् पोरीले मी."

तेवढ्यात आतून हाक आली. "मामा! तुम्ही पूर्ण वाचलंच नाही!"

आत आलो तर पोरगी शेंगदाणे खात बसलेली. खरंच, माझ्याच डब्यातले शेंगदाणे! म्हणाली, "नाही म्हणत नाहीये ते. इथे मिळणार नाही एवढंच म्हणतंय. जुन्या आवृत्तीचा माल ते फेकत नाहीत, दुसऱ्या कोठारात जसाच्या तसा ठेवून देतात. पत्ता बदलला की झालं."

"म्हणजे मिळन?" साहेब दारातच उभे होते.

"मिळेल म्हणजे काय, मिळतंय. या, बसा इथे."

मी त्या मुलीकडे बघतच राहिले. लाल अक्षरं पाहून आम्ही दोघं म्हातारी अर्धमेली झालो होतो, आणि हिला त्यात फक्त चुकलेला पत्ता दिसला होता. कुणी परत पाठवलं असं तिला वाटलंच नव्हतं. आईचं सगळं तिला ठाऊक होतं, मामांनी आवाज खाली आणायची काहीच गरज नव्हती. पण ते ओझं तिच्या अंगाला चिकटलेलं नव्हतं. साहेबांनीच तेवढी खबरदारी घेतली होती, इतकी वर्षं, आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता.

तिने पत्ता बदलला. साहेबांनी पुन्हा एका बोटाने 'आणा' लिहिलं. आणि आली हो, एकामागून एक, नावं सरकत गेली, शेवटी ओळ उमटली: 'सगळं आलं आहे. आता काही लागणार नाही.' तासाभरात प्रबंध पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तयार झाला. माझा जीव भांड्यात पडला. साहेबांनी मात्र आधी बसून त्या नव्या अडचणीसाठी संदेश सांगून लिहून घेतला, पुढच्या वर्षी कुणी अडू नये म्हणून, आणि मग पाणी मागितलं.

गुरुवारी छपाई आणि बांधणी करून आम्ही तिघं संस्थेत गेलो. साहेब फाटकाच्या आत यायला तयार होईनात. "काउंटरच्या त्या बाजूला उभं राहायचं मला नाही जमत," म्हणाले. मग मीही त्यांच्याबरोबर बाहेरच्या बाकावर बसले. ते फाटकाकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. कुणीतरी बाहेर आलं की ते अर्धवट उठायचे आणि पुन्हा बसायचे. मी म्हटलं, "अहो साहेब, व्यायाम करायचा तर नीट करा." हसले नाहीत.

प्रज्ञा आली ती हात हलवत. प्रबंधाची पिशवी रिकामी, घडी घालून काखेत.

"काय म्हणाले?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही. घेतला."

"परत कधी बोलावलंय?"

"नाही बोलावलं."

"काही कमी आहे म्हणाले का?"

"मामा, पोच दिली त्यांनी. झालं!"

त्यांनी पोच हातात घेतली, सही पाहिली, शिक्का पाहिला, उलटी करून मागची बाजूही पाहिली. मग तिथेच उभ्या उभ्या बहिणीला फोन लावला. फोनवर त्या मोठ्याने बोलायच्या, मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"एकाच खेपेत घेतला?" त्यांनी विचारलं.

"हो माय. एकाच खेपेत."

फोन चालूच राहिला. शेवटी प्रज्ञाने तो मामांच्या हातातून हळूच घेतला आणि आईला म्हणाली, "आई, तू रडून घे, मी रात्री बोलते."

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. साहेब खिडकीशी बसले, मी शेजारी, प्रज्ञा पुढच्या बाकावर. काही तरी बोलायचं म्हणून मी वळले, तर ते झोपले होते. डोकं काचेला टेकलेलं, तोंड थोडं उघडं, दोन्ही हात मोकळे. गेल्या किती दिवसांची झोप होती कुणास ठाऊक.

शनिवारवाडा आला, आमचा थांबा. प्रज्ञा उठली, मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तिला खाली बसायची खूण केली. बस सुटली. कंडक्टर आमच्यापाशी आला आणि म्हणाला, "अहो बाई, तुमची तिकिटं इथपर्यंतच होती."

"मग पुढची तीन द्या, स्टेशनची," मी म्हटलं. "आणि जरा हळू बोला."