भिवराबाईची आंबील

नांदूरघाटात भिवराबाईच्या तोंडाला सगळे भ्यायचे. ती दारात दिसली की कोतवालसुद्धा वाट बदलायचा. शेजारच्या चंद्रभागाबाईशी तर तिचा नऊ वर्षं अबोला होता. चंद्रभागाबाईच्या म्हशीनं हिच्या वाळत घातलेल्या कुरडया खाल्ल्या, एवढंच कारण. भिवराबाई म्हणायची, "म्हस शिकवल्याबिगर खाती व्हय?"

निजामाच्या राज्यात मानमोडीचा ताप आला, त्या साली पावसानंही दगा दिला होता. घरोघरी माणसं आडवी. भीतीनं कुणी कुणाच्या दारात जाईना. भिवराबाईला मात्र साधी शिंक आली नाही.

"ताप तुला भ्याला," नवरा उत्तरेश्वर म्हणाला.

"भ्याला तर बरं. पेव उघडा."

"आगं, वर्षाची ज्वारी हाय ती! आपुन काय खायचं?"

"गल्लीच न्हाई उरली तर मी भांडू कुणासंगं?"

उत्तरेश्वरानं कुदळ घेऊन अंगणातली माती उकरली. पेव उघडलं.

दुसऱ्या दिवशी भिवराबाई आंबिलीचं डेचकं डोक्यावर घेऊन निघाली. पहिलंच घर सुंदररावाचं. तो पडल्या पडल्या कण्हला, "काकू, माझं काय खरं न्हाई आता."

"मरायची घाई कावून? खांदा द्यायला गल्लीत चार गडी उभे न्हाईत. पी मुकाट्यानं!"

तो हसला, ठसका लागला. तिनं पाठ चोळली आणि वर आणखी एक शिवी दिली.

मग चंद्रभागाबाईचं दार आलं. बाई एकटी, दोन दिवस चूल पेटली नव्हती. पण बोलायचं कसं? भिवराबाई म्हशीपुढं उभी राहिली. "तुझ्या मालकिणीला सांग, आंबील ठिवलीय दारात."

आतून बारीक आवाज आला, "म्हशे, तिला सांग, मला उठवत न्हाई."

भिवराबाई सरळ आत गेली. तिचं डोकं मांडीवर घेऊन घोट घोट पाजलं. चंद्रभागाबाईनं ओठ पुसले. "म्हशे, मीठ कमी हाय."

"म्हशे, हिला सांग, उद्या जास्त घालते."

आठ-दहा दिवस ती म्हैस अशी मधे उभी होती. मग चंद्रभागाबाई हिंडूफिरू लागली आणि न बोलताच दुसरं डेचकं उचलून भिवराबाईच्या मागं चालू लागली.

गल्लीतली म्हातारी बायनाबाई तेवढी वाचली नाही. त्या दिवशी भिवराबाईनं कुणालाच शिवी दिली नाही.

ताप ओसरला तोवर पेवाचा तळ दिसत होता. मग एका सकाळी सुंदरराव आला. अजून पाय लटपटत होते, पण रानातून वेचलेली चिघळीची भाजी उपरणंभर आणली होती. "गल्लीतल्या घरांनी वाटे करून घितलेत काकू. रोज एक जण कायतरी आणील. आज माझी पाळी."

भिवराबाईनं भाजीकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "बस, बाबा."

ना शिवी, ना टोमणा. सुंदरराव लटपटत्या पायांनीच गल्लीत धावला आणि ओरडला, "चला रे लौकर! काकूला ताप आलाय!"