पुढची डावी सीट

मुलगा नोकरीला बंगळुरूला गेला, मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, आणि सात सीटांच्या गाडीत आम्ही दोघं उरलो. मी पुढं स्टिअरिंगवर, बायको मधल्या रांगेत खिडकीशी. मागची रांग दुमडलेली, तिच्यावर एक जुनी चादर. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या आमच्या गल्लीत ती गाडी वळवायची म्हणजे शेजाऱ्याच्या तुळशीपर्यंत मागं जावं लागायचं. त्याची बायको दारात येऊन कंबरेवर हात ठेवून बघत राहायची. मी तिची तुळस कधी पाडली नाही, पण तिच्या तोंडावर आज पाडणारच असं लिहिलेलं असायचं.

तेव्हा गाडी लहान घ्यायची असं मी ठरवलं. आमच्या घरात ठरवायचं काम माझं आणि तोंड वाकडं करायचं काम बाकीच्यांचं, ही वाटणी जुनीच आहे.

विचारणाऱ्यांना मी कारणं सांगत होतो. गल्ली अरुंद आहे, दोन माणसांना सात सीटा कशाला, कंपनीतून रिटायर झालेल्या माणसानं हत्ती किती दिवस पोसायचा. सगळी कारणं खरीच होती. मुख्य कारण मात्र मी कोणाला सांगितलं नाही. बायकोनं माझ्या शेजारी, पुढच्या डाव्या सीटवर बसावं असं मला वाटत होतं. एवढी वर्षं गाडी चालवली, पण ती कधी तिथं बसलीच नाही. आधी तिथं माझी आई बसायची, गुडघे दुखायचे म्हणून. आई गेल्यावर पोरानं ती जागा धरली. बायको कायम मागं, मुलीला गाडी लागते म्हणून हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन. आरशात मला तिचा अर्धा चेहरा दिसायचा. मुलं गेल्यावर ती आपण होऊन पुढं येईल असं मला वाटलं होतं. आली नाही. मोठ्या गाडीत तिची जागा ठरून गेलीय, गाडी बदलली की जागाही बदलेल, अशी मी माझी समजूत घातली.

मी गाडी चालवताना बोलतो. आमच्या घरी त्याची तक्रार आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. आमचा हा हायवे किती वर्षं खणून ठेवलाय ते मला विचारू नका, माझं डोकं फिरतं. त्या रस्त्यावर ज्याला तोंड बंद ठेवून गाडी चालवता येते, त्याच्या अंगात रक्त आहे की पाणी असा मला प्रश्न पडतो. मी डंपरवाल्याला बोलतो, उलट्या बाजूनं येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला बोलतो, आणि शेजारी जो बसला असेल त्याला कामं सांगतो. डावीकडं बघ. काच पूस. बाटलीचं झाकण काढून दे. झोपू नकोस. आईला कमी ऐकू यायचं आणि पोराच्या कानात कायम वायरी असायच्या, त्यामुळं त्या दोघांचं आणि माझं छान जमलं.

गाडी विकणार म्हटल्यावर दोन्ही मुलांचे फोन सुरू झाले. एरवी आठ-आठ दिवस बापाची आठवण येत नाही. मुलाचं म्हणणं, बॅटरीवरची घ्या आणि गिअर नसलेली घ्या, कारण तुमच्या वयात हात-पाय थोडे उशिरा चालतात. मी त्याला म्हटलं, तुझ्या वयात माझे हात-पाय चालत होते म्हणून तू इंजिनिअर झालास. मुलीचं म्हणणं वेगळं. मोठी गाडी विकूच नका, आम्ही गणपतीला आलो की कुठं बसायचं? म्हणजे हिच्या चार दिवसांसाठी मी वर्षभर शेजारणीच्या नजरेखालून हत्ती मागं घ्यायचा. स्टेशनवरून रिक्षा मिळतात असं मी सांगितलं आणि फोन बायकोच्या हातात दिला. बायको आत जाऊन बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. तुझं काय मत, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाली, तुम्हाला हवी ती घ्या. या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. भांडणाऱ्याशी भांडता येतं, पण "तुम्हाला हवी ती घ्या" म्हणणाऱ्याशी काय करायचं?

पेणच्या शोरूममध्ये गेलो तर तिथल्या सेल्समननं पहिल्याच वाक्यात मला काका केलं. डिझेलमध्ये लहान गाडी हवी म्हटल्यावर त्यानं असं बघितलं, जणू मी बैलगाडीचा भाव विचारला. डिझेल आता कोणी बघत नाही काका, सीएनजी घ्या. मी त्याला डिकी उघडायला लावली. अर्धी डिकी टाकीनंच भरलेली. आमचं गाव गागोदे बुद्रुकच्या अलीकडं, शेत भाऊ करतो, आणि दरवर्षी मी तिथून तांदळाच्या गोणी नि वाल घेऊन येतो. ते कुठं ठेवू, टपावर? त्यावर तो म्हणाला, तांदूळ आता ऑनलाइन मिळतो. मी उठलोच. बायकोनं मला खुणेनं बसवलं. तिनं त्या माणसाला समजावून सांगितलं, अगदी मऊ आवाजात, की यांना डिझेलच पाहिजे, तुमच्याकडं काय असेल ते दाखवा. हा मऊ आवाज ती माझ्याशी बोलताना कुठं ठेवते कोण जाणे.

शेवटी एक सापडली. पाच सीटांची, आखूड, डिझेलची. चालवून बघायला निघालो तेव्हा सेल्समन माझ्या शेजारी बसला आणि बायको मागं, ते ठीकच होतं. त्यानं एसी कसा चांगला ते सांगितलं, मी त्याला डावीकडं बघायला सांगितलं. परत येईपर्यंत तो बराच शांत झाला होता. मग त्यानं मॅडमना रंग विचारला आणि मॅडम म्हणाल्या, पांढरा. मी म्हटलं, पांढऱ्या गाड्या सगळ्या शेअरवाल्यांच्या असतात, नाक्यावर उभं राहून सीट भरतात. ती म्हणाली, मग मला विचारलं कशाला? पांढरीच घेतली. मी ऐकत नाही म्हणणाऱ्यांनी याचीही नोंद ठेवावी.

गाडी घ्यायला गेलो त्या दिवशी झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं, पेढे, आणि पुठ्ठ्याची एक भलीमोठी किल्ली हातात धरून फोटो. फोटोत मी हसतोय असं मुलीनं कळवलं. हसत होतोच. पुढचा डावा दरवाजा मी स्वतः उघडला आणि पलीकडं जाऊन बसलो. तर बायकोनं तो दरवाजा नीट बंद केला, मागचा उघडला आणि आत बसली.

"पुढं ये गो," मी म्हटलं.

"बसले हाय ना. चला."

शोरूमची माणसं हात हलवत उभी होती, म्हणून मी काही बोललो नाही. पेणच्या बाहेर पडल्यावर बोललो. माझं सगळं बोलून झाल्यावर ती म्हणाली, पुढचा पट्टा मानेला घासतो. दुसऱ्या वेळी पुढं ऊन लागत होतं. तिसऱ्या वेळी पुढं बसलं की गरगरतं, असं निघालं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या उलट्या धरणारी बाई, हिला कधी गाडी लागल्याचं मी पाहिलं नव्हतं. मला हे अपमानाचं वाटायला लागलं. रोह्याच्या पुलावरून जाताना ओळखीची माणसं बघायची, मी पुढं एकटा आणि ही मागं पर्स मांडीवर घेऊन. मी ड्रायव्हर दिसत होतो. एकानं तर विचारलंच, वहिनींना कुठं सोडायला निघालात?

मग गावाला भाताचं काम आटोपलं आणि आम्ही तांदूळ आणायला गेलो. मला युक्ती सुचली. वाल आणि एक गोण डिकीत टाकली आणि बाकीच्या गोणी मागच्या सीटवर अशा रचल्या की मुंगीलाही जागा उरली नाही. मनात म्हटलं, आता बस कुठं बसतेस ते. भावाच्या विहिरीवर हातपाय धुऊन आलो तर भाऊ घाम पुसत उभा, मागच्या सीटवरची खिडकीकडची एक गोण गायब, आणि तिथं बायको बसलेली. गोण माझ्या शेजारी, पुढच्या सीटवर. भावाला विचारलं तर तो म्हणाला, वहिनी बोलली म्हणून ठेवली. गाडी सुरू केली तशी ती टूं टूं वाजायला लागली, कारण या नव्या गाड्यांना सीटवर वजन बसलं की पट्टा लागतो. बायको मागून वाकली आणि तिनं गोणीला पट्टा लावला. मी रोह्यापर्यंत तांदळाच्या गोणीशेजारी बसून आलो. गोणीशी मी एक शब्द बोललो नाही, आणि बायकोशीही नाही.

तो अबोला बरेच दिवस टिकला. मुलीचा फोन आला, बाबा, आईला मागं बसायचं तर बसू दे ना. म्हणजे माझ्या गाडीत कोण कुठं बसतं ही बातमी नाशिकपर्यंत पोचली होती. मी तिला सांगितलं, तू तुझ्या गाडीचं बघ.

त्यानंतर खांब गावात नात्यातला एक साखरपुडा होता. तो आटोपून आम्हाला पेणच्या बाजूला, खाडीकाठी तिच्या भावाकडं जायचं होतं. जेवण झालं, पानं घेतली, निघालो. बायको मागंच. हायवेला लागताना खड्ड्यापाशी गाडी हळू केली, तर चाळिशीचा एक माणूस खांद्याला बॅग लावून हात दाखवत काचेशी आला.

"पेण का?"

पांढरी गाडी आणि मागं एक सीट भरलेली, त्याचा तरी काय दोष. ही घरची गाडी आहे असं मी सांगणार, तेवढ्यात मागून मऊ आवाज आला.

"बसा दादा. पुढची सीट रिकामीच हाय."

तो बसला. पट्टाही लावला, चांगला माणूस होता. कुठल्याशा कंपनीत शिफ्टला होता आणि सुट्टीला पेणला घरी चालला होता. मी मनातून इतका पेटलो होतो की त्याच्याकडं बघितलंही नाही. त्याच्यावर राग नव्हता, पण तो त्या सीटवर बसला होता. पुढं रस्ता एकेरी केलेला, समोरून ट्रेलर. मी त्याला डावीकडं बघायला सांगितलं. तो म्हणाला, या. मी गाडी पुढं घेतली, तर डावीकडून टेम्पो घुसला. मी त्याला विचारलं, डोळे आहेत की बटणं? तो म्हणाला, लांब होता तो काका. मी म्हटलं, लांब होता तर इथं कसा आला? मग काच पुसायला सांगितली, ती त्यानं रुमालानं पुसली आणि आणखी धुरकट झाली. त्यावर मी काय बोललो ते आठवत नाही, पण बराच वेळ बोललो. मध्ये त्याचा फोन वाजला, तो मी बंद करायला लावला. आरशात बायकोचा अर्धा चेहरा दिसत होता. ती खिडकीबाहेर बघत होती.

नागोठण्याचा स्टँड आला तसा तो म्हणाला, काका, मला इथंच सोडा.

पेणला जायचं होतं ना, मी विचारलं. इथं एक काम आठवलं, तो म्हणाला. उतरताना त्यानं खिशातून पैसे काढले, ते मी त्याच्या हातात परत कोंबले. आमची घरची गाडी आहे असं ओरडून सांगितलं. त्यानं बायकोला नमस्कार केला आणि दार अगदी हळू लावलं. पुढं जाऊन आरशात बघितलं तर काम-बिम काही नव्हतं. तो स्टँडच्या बाहेर उभा राहून मागून येणाऱ्या गाडीला हात दाखवत होता.

"बघितलंस," मी बायकोला म्हटलं, "माणूस किती खोटं बोलतो."

ती बोलली, एरवी माझ्याशी वापरत नाही त्या मऊ आवाजात.

"त्याचं बरं हाय. नागोठणं आलं नि उतरला. मी कुठं उतरणार व्हते? म्हणून मागं बसले."

पेण अजून लांब होतं. मला भयंकर राग आला, आणि तो काढायला शेजारी कोणी नव्हतं.