सांडवा मीच अरुंद ठेवला

मधुकर गेल्याचं कळलं तेव्हा मी सीताबर्डीवर चष्मा दुरुस्त करून घेत होतो. दुकानदार म्हणाला, "तुमचे ते बांध फुटलेले इंजिनिअर गेले म्हणे..." सगळी हयात नोकरीत घालवलेल्या माणसाची ही ओळख! शोकसभेतही एकानं "हेतू चांगला होता" म्हणत त्याला माफ करून टाकलं. मी पहिल्या रांगेत होतो आणि गप्प बसलो.

गोष्ट फार जुनी. दुष्काळ नुकताच सरला होता. खाप्याजवळच्या एका गावात मी श्रमदानातून नाल्यावर मातीचा बांध घालायला घेतला होता. मी पडलो समाजसेवक, म्हणजे फावडं कमी आणि भाषण जास्त. मधुकर माझा शाळेपासूनचा मित्र, रविवारी नागपूरहून एसटीनं यायचा. मला वाटलं, मोजायचा टेप लावेल, आकडे देईल. तो आधी नाल्याकाठी सोनाबाईच्या ओट्यावर जाऊन बसला.

"मोठ्या पुराच्या साली पाणी त्या बाभळीच्या फांदीपर्यंत आलं होतं गा बापू. माही शेळी तिथंच अटकली होती," म्हातारी म्हणाली.

त्यानं फांदीची उंची मोजली आणि पुराचं पाणी बाजूनं निघून जायला सांडवा दुप्पट रुंद खोदा म्हणाला. म्हणजे आणखी तीन आठवडे. इकडे उद्घाटनाला मंत्री यायचे होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या.

"म्हातारी वाढवून सांगते. लोकांचा उत्साह मोडू नको," मी म्हणालो.

"वामन, पाणी मंत्र्याची तारीख पाहून येते काय गा?"

तो नागपूरला परतला आणि मी त्याच्यामागे "इंजिनिअर म्हणतो, एवढं पुरे" असं लोकांना सांगून खोदाई थांबवली.

पहिल्याच पुरात बांध गेला, सोनाबाईचं पेरलेलं वावर खरवडून गेलं. लोक मधुकरच्या अंगावर धावले. आता हा माझं नाव घेणार... त्यानं घेतलं नाही. माझ्यावरचा विश्वास उडाला तर गाव पुन्हा एकत्र येणार नाही, असं त्याला वाटलं असावं. मी मात्र सत्कार घेत फिरलो. इंजिनिअरांनी माणसांना विचारायला शिकावं, असं भाषणांतून सांगत राहिलो. तो ते केव्हाच शिकला होता. त्याच्याकडून मोजायला शिकायचं मलाच सुचलं नाही. लाज वाटते.

परवा त्याच्या घरी गेलो आणि वहिनींना सगळं सांगितलं.

"भाऊजी, त्यायनं मले कधीच नाही सांगतलं. पण तुम्ही हे सभेत काहून नाही बोलले?"

समोर त्याची वेताची खुर्ची रिकामी होती. वहिनींनी मला स्टुलावर बसवलं होतं.