आडवे ताणलेले हात

"माहा हात पाहा बाबू, तोंडाकडे नका पाहू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही आधी त्यांचे हातच पाहिले असते.

क्रेनला हाताने खुणा करणारे खलाशी होते ते, जहाजावरचे नव्हे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. त्या धडधडाटात कुणाचं कुणाला काय डोंबल ऐकू येणार! मूठ फिरवली की गर्डर वर, दोन्ही हात आडवे ताणले की जागच्या जागी थांब. घरी भात नको असला तरी काका ताटावर तसेच हात ताणत. "मी का क्रेन आहो?" असं म्हणून काकू हसायच्या.

काकूंच्या धाकट्या भावाला काकांनीच भंडाऱ्याकडून आणून कामाला लावलं होतं. एका दुपारी गर्डर थांबला नाही आणि तो पोरगा खाली सापडून मेला. क्रेनवाला म्हणाला, खूण उशिरा झाली. साहेबांनी मला विचारलं. मी हजेरी लिहिणारा टाइमकीपर, नोकरी कच्ची. "रजिस्टर भरत होतो साहेब, पाहिलं नाही," म्हणालो. भ्यालो, दुसरं काय! त्या दिवसापासून काकू ताट वाढायच्या, पण काकांशी बोलायच्या नाहीत.

पुढे एकदा कॅम्पात पडदा बांधून राक्षसाचा इंग्रजी सिनेमा दाखवला. काळापांढरा. असलं काही आमच्यापैकी कुणीच कधी पाहिलं नव्हतं. "अबे, हा तं आपला फोरमन!" कुणीतरी ओरडलं आणि आम्ही खिदळलो. मग तो राक्षस पाय ओढत एका माणसाच्या पाठीमागे येऊ लागला. त्या माणसाला पत्ताच नाही.

काका ताडकन उठले आणि सिनेमाच्या मशीनच्या झोतात दोन्ही हात आडवे ताणून उभे राहिले. राक्षसाच्या अंगावर त्यांच्या हातांची सावली पडली. राक्षस काही थांबला नाही.

"बैठ जा बुढ्ढे!" लोक हसायला लागले. पडद्यावरचा माणूस मेला तरी काका हात खाली घेईनात. मी त्यांना धरून बसवलं.

"पाह्यला न हात, बाबू? टाइमावर केला न?"

"हो, काका."

"त्याही दिवशी टाइमावरच केला होता. तुमी माह्याकडेच पाहून राहिले होते. मले ठाऊक आहे." रागावले असते तर बरं झालं असतं. "तिले सांगा फक्त. तिथं बायांमध्ये बसली आहे. साहेबाले नका सांगू."

"उद्या सांगतो," म्हणालो. उद्या गेलो नाही, परवाही नाही. माझी नोकरी पक्की झाली, तरी गेलो नाही. लाज वाटते हे लिहायला.

काका तापाने गेले. काकू शेवटपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत, असं शेजारचे सांगत. तेराव्याला गेलो. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"काकू, काकांनी हात केला होता. वेळेवर. मी पाहिला होता. मी तेव्हा..."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. दोन्ही हात उचलले आणि आडवे ताणले.