घोळीचा खडक

ज्या दिवशी मी आमचा कोळीवाडा, पाचूबंदर, सोडला, त्या दिवशी पहाटे बाबांनी मला होडीत बसवलं. आमच्या घरात बाई मासेमारीला जात नाही. आई ओट्यावरून ओरडली, "अवो, आज पोरीला जायाचं हाय ना!" बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी एकुलती एक. दाखवायला दुसरं कुणी नव्हतंच त्यांच्याकडे.

तासाभराने त्यांनी इंजिन बंद केलं आणि किनाऱ्याकडे बोट दाखवलं. चर्चचं शिखर तुंगारेश्वरच्या डोंगराच्या खाचेत बसलं होतं आणि किल्ल्याचा बुरूज खाडीपलीकडच्या टेकडीला टेकला होता. या खुणांवरून होडीपर्यंत येणाऱ्या दोन रेघा जिथे कापतात, तिथे पाण्याखाली खडक. शिशाच्या वजनाला साबण फासून त्यांनी ते दोरीने खाली सोडलं. चिखल असता तर साबणाला चिकटून आला असता. साबण वर आला तो नुसता ओरखडा घेऊन. "आजूबाजूला सगला चिखल, हितंच दगड. घोळ मासा हितंच येतो," ते म्हणाले. त्यांना ही जागा आजोबांनी दाखवली होती, आजोबांना त्यांच्या बापाने. "काठावर बोलायचं नाय हे. पान्यात सांगायचं, पान्यातच ठेवायचं."

मी कोपनहेगनला पुलांचं डिझाइन करणाऱ्या ऑफिसात लागले. तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना ठाऊक असेल, परक्या मुलखात आपण हुशार आहोत हे रोज नव्याने पटवून द्यावं लागतं.

एक दिवस आमच्याच समुद्रावरच्या पुलाचं काम माझ्या टेबलावर आलं. उंच मनोरे, त्यांच्यापासून तिरक्या ताणलेल्या केबल आणि त्यांनी तोलून धरलेला रस्ता. मी वेड्यासारखी खूश झाले. पण एका मनोऱ्याला पायाच मिळेना. जिथे बोअर मारावी तिथे गाळ, खडक फार खोल. तीन मीटिंगा त्यातच गेल्या. चौथीत माझी जीभ वळवळली. नकाशावर दोन रेघा ओढल्या आणि म्हटलं, इथे एक बोअर मारून बघा.

खडक लागला. टीमने टाळ्या वाजवल्या, केक आणला. "तुला कसं कळलं?" बॉसने विचारलं. "घरून," मी म्हणाले आणि केक खाल्ला. बाबांची जागा आता जाणार हे माझ्यासारख्या पाया आखणाऱ्या बाईला कळलं नाही, असं म्हटलं तर कोण मानेल? कळलं होतं. पण त्या दिवशी कौतुकच गोड लागलं, आणि याची मला आजही लाज वाटते.

पुढे गावात सभा झाली, भिंतीवर पुलाचा नकाशा लागला. सगळे भांडत होते. बाबा मात्र नकाशासमोर बराच वेळ उभे राहिले आणि घरी आले. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "रेघा बरोबर मारल्यास," एवढंच म्हणाले. मी रडले, माफी मागितली, मनोरा सरकवायचा प्रयत्न करते म्हणाले. केलाही. पण सरकवायचा तर दुसरा खडक लागतो, आणि तो मला कुणी दाखवलेला नाही.

कोळीवाड्यात सगळे समजतात की बार्जवरच्या बोअर मारणाऱ्या यंत्रानेच खडक शोधला. बाबांनी माझं नाव कुणाजवळ काढलेलं नाही. म्हणून मीच लिहितेय. शिव्या घालायच्या तर मला घाला, यंत्राला कशाला?

मनोरा झाला की एव्हरशाईनच्या उंच इमारतींमधल्या कुठल्याही गच्चीवरून ती जागा दिसेल. शिखर नको, डोंगर नको, साबण नको. लहान मूलसुद्धा बोट दाखवेल.

आई सांगते, बाबा हल्ली ओट्यावर समुद्राकडे पाठ करून बसतात. समुद्राकडे पाठ म्हणजे तोंड रस्त्याकडे. मी घरी गेले की रिक्षातून उतरताना सगळ्यात आधी त्यांचाच चेहरा दिसणार. माझ्यासाठी घर आता तेवढंच उरलंय, आणि तिकीट काढायचं धाडस मला अजून झालेलं नाही.