यमूचा विधुर लेखक

माझी मैत्रीण यमू आज सकाळी गेली.

तरुणपणी तिनं ज्याच्या नावानं उसासे टाकले, तो माणूस तिचा नवरा नव्हता.

नवऱ्याला हे ठाऊक आहे. मघाशी तोच म्हणाला, "सांगा तुम्ही सगळ्यास्ले. तिले हसनं आवडे."

म्हणून मी बोलतेय आणि नात टाइप करतेय. मला अक्षर येत नाही. मी जन्मात जेवढ्या कादंबऱ्या "वाचल्या", त्या सगळ्या यमूच्या तोंडून.

साठ सालाच्या पुढेमागे. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं.

हिवाळ्यात पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळवायच्या मैदानावर, आम्ही बायका देठ खुडायला बसायचो. यमू सातवी पास. ती वाचनालयातून कादंबरी आणून मोठ्यानं वाचायची, आणि तिच्या वाट्याचे देठ आम्ही खुडायचो.

नाकाला पदर, डोळ्यांत पाणी. मिरचीचं की कादंबरीचं, ते मुकादमाला कधीच कळलं नाही.

यमूचा लाडका लेखक पुण्याचा. नाव सांगत नाही, त्याची नातवंडं फेसबुकवर असतील.

त्याच्या प्रत्येक कादंबरीत बायको मरायची. हमखास! मग नवरा खिडकीत उभा राहून पानंच्या पानं झुरायचा. पुस्तकाच्या पाठीवर लेखकाचा फोटो. चष्मा, गालावर हात, नजर कुठंतरी लांब.

"इतलं दुःख मनानं कोन लिखी?" यमू म्हणाली. "त्यानी बायको खरंच मरी गयी व्हई."

झालं. पथारीवर ठरून गेलं, लेखक विधुर.

"मंग त्याले भाकरी कोन करस?" मी विचारलं.

यमू लाजली. मी बघितलं ते.

तुम्ही पोरी आता हिरोच्या घटस्फोटाच्या बातम्या चवीनं वाचता ना, तसंच. फरक एवढाच, आमच्यापर्यंत बातमी यायची नाही, म्हणून आम्ही घरीच तयार करायचो.

इथवर गंमत होती.

पण त्याच दिवसांत यमूला दोंडाईच्याचं स्थळ आलं. भास्कर. कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर. एकदा येऊन बघून गेला, त्याच्याकडून होकार. यमू काही बोलेचना. आज सांगते, उद्या सांगते.

तिचा बाप शेवटी चिडला. "हो म्हन, नही म्हन, पन काहीतरी म्हन! पोऱ्या रविवारी परत यी ऱ्हायना. नही ते तुन्हं वाचनालय बंद!"

आणि त्याच आठवड्यात गावात बातमी. लेखक येणार! वाचनालयात भाषण!

यमूनं मला स्टेशनवर ओढत नेलं. ठेवणीतलं लुगडं, केसांत शेवंती. सोबत पथारीच्या आणखी चार जणी. सोयरीक बघायला निघाल्यासारख्या.

गाडी थांबली. लेखक उतरला. फोटोतला चष्मा, पण माणूस बुटका.

आणि डब्यातून मागोमाग आवाज, "अहो, फिरकीचा तांब्या पुन्हा बाकाखाली विसरलात!"

हातात तांब्या घेऊन एक ठणठणीत बाई उतरली. लालभडक कुंकू.

"जित्ती शे व माय!" आमच्यातली एक जण ओरडलीच.

खरं सांगते, त्या बाईचं जिवंत असणं आमच्या पथारीला अजिबात आवडलं नाही.

वाचनालयाच्या मंडळींनी लेखकाला हार घालून टांग्यात बसवलं. बाईंना कुठं बसवायचं, हे कोणाला सुचलंच नव्हतं. मग त्या आमच्या वाट्याला आल्या. आम्ही त्यांना पथारीवर नेलं.

लांबवर पसरलेल्या लाल मिरच्या बघून बाई खूश झाल्या. मग शिंकायला लागल्या. शिंका थांबल्यावर मी विचारलंच, "बाई, तुमचे मालक तुम्हाला दर पुस्तकात का मारतात?"

यमूनं मला चिमटा काढला. बाई मात्र खो खो हसल्या.

"मला टायफॉइड झाला होता हो. हे पलीकडच्या खोलीत बसून लिहीत होते, आजारी बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला नवरा. इतकं सुंदर लिहिलंय! मला पाणी शेजारीण देत होती."

"अन् तुम्ही काहीच बोलल्या नाहीत?" यमूनं विचारलं.

"बोलले ना. बरी झाल्यावर वाचलं, रडले, आणि मग तांब्या फेकून मारला. पोचा आहे बघा अजून."

आम्ही सगळ्या हसलो. यमू हसली नाही. संध्याकाळी भाषणाला मात्र पुढच्या रांगेत बसली आणि टाळ्याही वाजवल्या.

रविवारी भास्कर आला. बैठकीत मोठी माणसं, यमू चहा घेऊन आली. तेव्हा मुलगी प्रश्न विचारत नसे. हिनं कपबशी हातात देता देता विचारलं,

"माले ताप उना ते तुम्ही काय करश्यात?"

बाप खोकला. मी दाराआड पदर तोंडात कोंबला.

भास्कर गोंधळला. परीक्षा आहे हे त्याला कळलंच नाही.

"डॉक्टरकडे लई जासू," तो म्हणाला. "आखो काय करतस?"

"मन्हा होकार शे," यमू बापाला म्हणाली आणि आत निघून आली. आत येऊन मला म्हणाली, "दिसाले बरा शे ना व?" आता विचारतेय!

त्या लेखकाला तिनं सोडलं नाही. त्याचं प्रत्येक पुस्तक वाचलं, मलाही ऐकवलं. बायको मेली की दोघी एकमेकींकडे बघून हसायचो. आणि नवं पुस्तक हातात आलं की आधी पाठीवरचा फोटो बघायची सवय काही गेली नाही तिची.

यमे, तुला हसत निरोप देते.

वर लेखक भेटेल, त्याला लांबूनच नमस्कार कर. बाईंच्या शेजारी जागा धर. खऱ्या गोष्टी त्याच सांगतात.

अन् मन्हासाठे थोडी जागा ठेव.