अकरावा स्लॅब

नव्या घरासाठी मी एक वही केली होती. पहिल्या पानावर कागदपत्रं, दुसऱ्यावर सामान, तिसऱ्यावर फक्त स्लॅब. मीरा रोड स्टेशनजवळचा तो टॉवर तेव्हा नुसता सांगाडा होता, तरी रिक्षावाले ‘टॉवर के पीछे’, ‘टॉवर के बाजू में’ असे पत्ते सांगायला लागले होते. आमचं घर अकराव्या मजल्यावर. दर रविवारी नवरा बघून यायचा आणि मी लिहायचे: आठवा भरला, नववा भरला.

चौथ्या पानावर एकच शब्द होता: सही. लालबागची खोली सासूबाईंच्या नावावर. त्यांनी सही केल्याशिवाय ती सोडता येणार नव्हती. मी अधांतरी राहणार नाही, एवढंच त्या म्हणत. टॉवर बघायलासुद्धा त्या कधी आल्या नाहीत.

एका रविवारी फोन त्यांनीच घेतला. साइटजवळ भाड्याने राहणाऱ्या, आमच्या होणाऱ्या शेजारणीचा होता. रिसीव्हर ठेवून सासूबाई म्हणाल्या, "अकरावा स्लॅब पडला म्हणे. पोरगा तिथंच आहे."

मी उलट फोन लावत राहिले. लागेना. तशाच निघालो. मीरा रोडच्या पुलावरून मी मजले मोजायला लागले. एकदा नऊ आले, एकदा अकरा. सासूबाई माझं मनगट धरून विचारत होत्या, किती झाले, नीट मोज.

साइटच्या फाटकाशी नवरा कामगारांना पेढे वाटत होता.

शेजारीणबाई पुढे आल्या. "अहो आजी, पडला म्हणजे भरला. इथं सगळे असंच बोलतात."

"मग भरला म्हणायला तोंड दुखतं?"

पेढा त्यांनी घेतला नाही. मान वर करून त्या बराच वेळ बघत राहिल्या. सारखी पुलावरची मोजणी मनात चालू असल्यामुळे मला एका जागी उभं राहवत नव्हतं.

त्याच आठवड्यात त्यांनी सही केली. मी कारण विचारलं.

"तुम्ही तिथं आणि मी इथं फोनपाशी, हे नाही जमायचं."

आम्ही राहायला गेल्यावर समोर दुसरा टॉवर उठायला लागला. ‘आज स्लॅब गिरेगा,’ असं वॉचमनने सांगितलं की सासूबाई दिवसभर खिडकी सोडत नसत. मीही वही घेऊन उगाच आत-बाहेर करायचे, त्या ‘भरला’ म्हणेपर्यंत.